दोन नजरांच्या मधलं काम

प्रोग्रॅमेबल कीपॅडवर मॅक्रो रेकॉर्ड करण्याची रीत ऐकायला अगदी सोपी आहे. रेकॉर्डची कळ दाबायची, रोजचं काम एकदा नेहमीसारखं करून दाखवायचं, थांबवायची कळ दाबायची. पुढे ते सगळं काम एका कळीवर. नऊ, बारा किंवा सोळा कळांचे हे छोटे कीपॅड हिशेब ठेवणाऱ्यांच्या, व्हिडिओ संपादकांच्या, अनुवादकांच्या टेबलांवर मुख्य कीबोर्डशेजारी जागा मिळवू लागले आहेत. ते घेणाऱ्याच्या मनात बहुधा एक हिशेब असतो: जितकं लांब काम एका कळीत बसेल तितका फायदा जास्त. हा हिशेब चुकीचा आहे, असं या प्रकरणात मांडायचं आहे. काम करताना आपण मधूनमधून स्क्रीनकडे बघतो, काहीतरी पडताळतो आणि मग पुढे जातो. अशा दोन नजरांच्या मध्ये हात जेवढं काम न बघता करतात, तेवढीच मॅक्रोची योग्य लांबी. कारण रेकॉर्डिंगमध्ये उतरतं ते फक्त हातांनी काय केलं हे. डोळ्यांनी काय पाहिलं आणि त्यावरून मनाने काय ठरवलं, याची तिथे कसलीच नोंद होत नाही. आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काम डोळे करत असतात.

हे नीट पटण्यासाठी कीबोर्डला नेमकं काय कळतं ते बघायला हवं. कळांच्या खाली तारांची उभी-आडवी जाळी असते. एक छोटा मायक्रोकंट्रोलर एकेका तारेवर विद्युत संकेत सोडून तो दुसऱ्या बाजूच्या कोणत्या तारेवर पोचतो, हे अखंड तपासत राहतो. जिथे पोचला तिथली कळ दाबलेली. कळ दाबली जाते तेव्हा आतले धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात. एका दाबाचे चार दाब मोजले जाऊ नयेत म्हणून काही मिलिसेकंद थांबून मगच तो दाब खरा मानतात. त्यानंतर संगणकाकडे निरोप जातो. यूएसबीच्या प्रमाणित पद्धतीत कीबोर्डचा हा मूळ निरोप आठ बाइटांचा असतो. पहिल्या बाइटात डाव्या-उजव्या मिळून आठ मदतनीस कळांची, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि विंडोज यांची स्थिती; दुसरा बाइट राखीव; उरलेल्या सहांमध्ये त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. इंग्रजी ‘ए’ असं लिहिलेल्या कळीचा क्रमांक ४. त्या निरोपात अक्षर कुठेच नसतं. ४ क्रमांकाच्या कळीचं कोणतं अक्षर करायचं, हे संगणकातली कार्यप्रणाली त्या वेळी निवडलेल्या कीबोर्ड मांडणीवरून ठरवते. उलट दिशेने, संगणकाकडून कीबोर्डकडे, जवळजवळ काहीच येत नाही. नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक आणि अशाच आणखी एक-दोन दिव्यांपैकी कोणता लावायचा, कोणता विझवायचा, एवढाच एक बाइट. स्क्रीनवर काय चाललंय याबद्दल कीबोर्डला मिळणारी माहिती त्या दिव्यांपाशी संपते.

मराठी लिहिणाऱ्याला या रचनेचा परिणाम फार लवकर भोगावा लागतो. इंग्रजी मांडणी चालू असताना कीपॅडवर ‘पुणे’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत रेकॉर्ड केला, म्हणजे पी, यू, एन, ई या चार कळा, आणि नंतर इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी चालू असताना तोच मॅक्रो चालवला, तर स्क्रीनवर ‘जहला’ उमटतं. कीपॅडने काहीही चूक केलेली नसते. त्याने त्याच चार कळांचे तेच चार क्रमांक त्याच क्रमाने पाठवले. इनस्क्रिप्टमध्ये त्या जागांवर ज, ह, ल आणि काना आहेत. टंकलेखन करणारा माणूस पहिलंच अक्षर चुकीचं उमटलेलं बघून थांबतो, मांडणी बदलतो आणि पुन्हा सुरू करतो. हे तो इतक्या सहज करतो की आपण काही तपासलं याची त्यालाही जाणीव नसते. थेट ‘क’ हे अक्षर पाठवण्याची सोयही कीपॅडपाशी नाही, कारण त्या क्रमांकांच्या यादीत देवनागरी अक्षरं नाहीतच. काही लिनक्स संगणकांवर कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून ०९१५ हा युनिकोड क्रमांक टाकला की ‘क’ मिळतो, पण तीही कळांचीच मालिका आणि तीही त्या एका व्यवस्थेपुरती. कॅप्स लॉक चालू राहिला असेल तर इंग्रजी मॅक्रोमधली लहान-मोठी अक्षरं उलटीपालटी होतात, तेही याच जातीचं. रेकॉर्ड करतानाची परिस्थिती रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

रेकॉर्डिंग कुठे होतं, यावर या अंधत्वाचं प्रमाण ठरतं. ते तीन ठिकाणी होऊ शकतं: कीपॅडच्या स्वतःच्या चिपमध्ये, कीपॅडसोबत येणाऱ्या आणि संगणकावर बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा एक्सेलसारख्या एखाद्या प्रोग्रॅमच्या आत. कीपॅडच्या चिपमधलं रेकॉर्डिंग सर्वांत स्वतंत्र आणि सर्वांत अज्ञानी. क्यूएमके या मुक्त-स्रोत फर्मवेअरचं, म्हणजे चिपमध्येच चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, उदाहरण घेऊ, कारण ते अनेक छोट्या कीपॅडमध्ये असतं आणि त्याची रचना सर्वांना वाचायला खुली आहे. त्यात चालता चालता रेकॉर्ड करायचे दोन मॅक्रो ठेवता येतात. दोघांसाठी मिळून मूळ जागा १२८ घटनांची, आणि कळ दाबणं ही एक घटना, सोडणं ही दुसरी. म्हणजे प्रत्यक्षात दोन्ही मॅक्रो मिळून ६४ दाब. हे सगळं तात्पुरत्या मेमरीत राहतं. केबल काढली की गेलं. कायमचे मॅक्रो वेगळ्या मेमरीत ठेवावे लागतात, आणि अशा कीपॅडमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या एटीमेगा ३२यू४ या चिपमध्ये ती मेमरी अवघी १ किलोबाइट असते. दाबणं आणि सोडणं वेगवेगळं नोंदवलं जातं ही बारकाई महत्त्वाची आहे, कारण त्यामुळेच ‘कंट्रोल दाबून धरून सी’ आणि ‘आधी कंट्रोल, मग सी’ यांतला फरक टिकतो. आणखी एक गोष्ट नव्या वापरणाऱ्याला चकवते. शेजारच्या मुख्य कीबोर्डवर काय टाइप होतंय, हे यूएसबी कीपॅडला ऐकूच येत नाही; दोन्ही उपकरणं संगणकाशी बोलतात, एकमेकांशी नाही. जुन्या पीएस/२ जोडणीच्या काळात काही कीपॅड कीबोर्ड आणि संगणक यांच्या मधोमध जोडले जात, त्यामुळे कीबोर्डवरून जाणारी प्रत्येक कळ त्यांच्यातून जाई. आज मुख्य कीबोर्डवरचं काम कीपॅडच्या कळीत उतरवायचं असेल तर संगणकावरच्या सॉफ्टवेअरची मध्यस्थी लागते.

आता एक साधं काम घेऊ. एक्सेलच्या यादीतली एकेक रक्कम उचलून ब्राउझरमधल्या फॉर्मच्या रकान्यात टाकायची. हातांच्या भाषेत हे काम असं: कंट्रोल-सी, ऑल्ट-टॅब, टॅब, टॅब, कंट्रोल-व्ही, एंटर, पुन्हा ऑल्ट-टॅब, खालचा बाण. आठ पावलं, रेकॉर्ड करायला काही सेकंद. आता हेच काम करताना डोळे काय करतात ते मोजू. ऑल्ट-टॅबने ब्राउझरच समोर आला ना, हे ते बघतात. कारण ऑल्ट-टॅब ‘ब्राउझरकडे जा’ असं सांगत नाही, ‘याआधी जी विंडो वापरात होती तिच्याकडे जा’ असं सांगतो, आणि मध्येच कोणी ईमेल उघडून पाहिला असेल तर ती विंडो वेगळीच असते. कर्सर योग्य रकान्यात आहे का, हे डोळे बघतात. चिकटवलेला आकडा रक्कमच आहे, तारीख नाही, हेही बघतात. एंटरनंतर पान खरंच पुढे गेलं की लाल अक्षरांत हरकत घेतली गेली, हे बघतात. चार-पाच निर्णय, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्यापैकी एकही नाही. यातला एक जरी अंदाज चुकला, तरी पाढा म्हणताना एक ओळ गाळून त्याच लयीत शेवटपर्यंत जाणाऱ्या मुलासारखा मॅक्रो पुढे चालत राहतो. शंभर ओळींच्या यादीत ही चूक सातव्या ओळीवर झाली, तर पुढच्या त्र्याण्णव ओळी चुकीच्या जागी पडतात. आणि त्या व्यवस्थित दिसतात, म्हणून ही चूक जास्त वाईट.

प्रोग्रॅमच्या आत होणाऱ्या रेकॉर्डिंगचा इतिहास याच मुद्द्याची साक्ष देतो. ईमॅक्स हा मजकूर-संपादक प्रोग्रॅम १९७६ मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांच्या कामातून उभा राहिला, आणि आजच्या ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि उघडता कंस दाबून रेकॉर्डिंग सुरू होतं, कंट्रोल-एक्स आणि बंद कंसाने थांबतं, कंट्रोल-एक्स आणि ई दाबून ते चालवता येतं. पण त्याच्या कर्त्यांनी दोन गोष्टी जाणीवपूर्वक ठेवल्या. मॅक्रो चालताना एखादा शोध फसला, हवा तो शब्द सापडला नाही, तर मॅक्रो तिथल्या तिथे थांबतो. आणि रेकॉर्ड करतानाच कंट्रोल-एक्स आणि क्यू दाबलं, तर पुढे प्रत्येक वेळी मॅक्रो त्या जागी येऊन थांबतो आणि ‘पुढे जाऊ का’ असं विचारतो. म्हणजे बघण्यासाठीची जागा मॅक्रोच्या पोटातच राखून ठेवता येते. विम या संपादकातही एखादी हालचाल अशक्य ठरली की मॅक्रो तुटतो. एक्सेलच्या रेकॉर्डरमध्ये ‘सापेक्ष संदर्भ’ वापरायचे की नाहीत यासाठी वेगळं बटण आहे, कारण ‘बी ५ या पेटीत जा’ आणि ‘आहे तिथून एक पेटी खाली जा’ या दोन्हींचा परिणाम रेकॉर्ड करताना सारखाच दिसतो, पण पुढच्या वेळी पूर्ण वेगळा निघतो. हातांच्या नोंदीत हेतू येत नाही, म्हणून तो माणसाला आधी विचारून घ्यावा लागतो. कीपॅडच्या चिपमधल्या मॅक्रोला यातलं काहीच उपलब्ध नसतं. शोध फसला हे त्याला कळू शकत नाही, कारण शोध ही गोष्टच त्याच्या जगात नाही.

यावर पहिली हरकत अशी येते की मधे थांबा टाकले की झालं. अनेक कीपॅडचं सॉफ्टवेअर रेकॉर्ड करताना दोन कळांमधला वेळही टिपतं. पान उघडायला लागणारे दोन सेकंद त्यात आपोआप येतात. हा उपाय उपयोगी आहे आणि काही ठिकाणी अटळही आहे, पण तो बघण्याची जागा घेत नाही. दोन सेकंदांचा थांबा म्हणजे ‘दोन सेकंदांत पान उघडलेलं असेल’ अशी पैज. ती जिंकायची तर थांबा नेहमीच्या वेळेपेक्षा बराच मोठा ठेवावा लागतो, मग शंभरपैकी पंचाण्णव वेळा आपण विनाकारण वाट बघत बसतो. आणि नेटवर्क अडखळलं की उरलेल्या पाच वेळा तो तरीही कमीच पडतो. ही अडचण किती मूलभूत आहे हे एका अनपेक्षित ठिकाणी दिसतं. सुरक्षेच्या चाचण्यांसाठी, आणि हल्ल्यांसाठीही, ‘रबर डकी’ नावाचं पेनड्राइव्हसारखं उपकरण २०१० पासून वापरात आहे. ते संगणकाला स्वतःची ओळख कीबोर्ड अशी करून देतं आणि आधी लिहून ठेवलेल्या कळा भराभर पाठवतं. त्याच्या आज्ञावल्या वाचल्या तर ओळीआड ओळ थांब्याची असते: हजार मिलिसेकंद, पाचशे मिलिसेकंद. वेग हेच ज्यांचं भांडवल, त्यांनाही अंदाजाने थांबावं लागतं. पुढच्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, संगणक तयार झाला का हे ओळखायला त्याच्या कर्त्यांनी लॉक कळांच्या त्या दिव्यांचाच आधार घेतला. कीबोर्डला बाहेरचं बघायला तेवढीच एक फट आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. मॅक्रो इतके आखूड ठेवायचे तर वाचतं किती? इथे १९८० सालचं एक जुनं पण भक्कम मोजमाप कामाला येतं. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी सरावलेला माणूस संगणकावर एखादं काम किती वेळात करील याचं एक मॉडेल मांडलं. त्यात साधारण टाइप करणाऱ्याला एका कळीला ०.२८ सेकंद, कीबोर्डवरून माउसवर हात न्यायला ०.४ सेकंद, माउसने नेमकी जागा दाखवायला सरासरी १.१ सेकंद आणि पुढचं पाऊल मनात जुळवायला १.३५ सेकंद धरलेले आहेत. आता सहा-सहा कळांच्या चार तुकड्यांचं एक काम कल्पू, प्रत्येक तुकड्याआधी एकदा बघणं-ठरवणं आलं. हाताने केलं तर २४ कळांचे ६.७२ आणि चार वेळा ठरवण्याचे ५.४०, एकूण १२.१२ सेकंद. प्रत्येक तुकड्याला एक असे चार मॅक्रो केले, तर कळांचे १.१२ आणि ठरवण्याचे तेच ५.४०, एकूण ६.५२. सगळं एका कळीत कोंबलं तर १.६३ सेकंद. म्हणजे आखूड मॅक्रोंनी ५.६० सेकंद वाचतात, लांब मॅक्रोने आणखी ४.८९. शक्य असलेल्या बचतीपैकी निम्म्याहून जास्त बचत आखूड मॅक्रोच देतात. दिवसात शंभर वेळा होणाऱ्या कामात नऊ मिनिटांहून अधिक. आणि उरलेले ४.८९ सेकंद आले कुठून, तर बहुतांशी न बघण्यातून.

या मॉडेलची एक अट त्याच्या कर्त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली होती: ते चूक न होणाऱ्या कामापुरतंच आहे. ती अट आपल्याला सोडून चालणार नाही. समजा लांब मॅक्रो घसरला आणि चुकीच्या जागी पडलेलं शोधून, काढून, पुन्हा भरायला पाच मिनिटं लागली. ३०० सेकंदांना ४.८९ ने भागलं तर साधारण ६१ येतात. म्हणजे ६१ वेळांत एकदा जरी तो चुकला, तर त्याची ज्यादा बचत तिथेच संपली. त्याहून जास्त वेळा चुकला तर तोटा सुरू. एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच विंडोत, नेटवर्कचा संबंध नसलेल्या कामात ६१ पैकी ६१ वेळा बरोबर येणं सहज शक्य आहे, आणि तिथे लांब मॅक्रो खुशाल करावा; तसं पाहिलं तर त्या कामात मधे बघण्याजोगं काही नसतंच, त्यामुळे मूळ नियमही मोडत नाही. पण दोन विंडो, एक वेबपान आणि कोणत्याही क्षणी वर येऊ शकणारी सूचना असलेल्या कामात ६१ वेळांचा हिशेब फार लवकर फिरतो.

तिसरी हरकत जाणकारांची असते: मग कीपॅड हवाच कशाला, प्रोग्रॅमच लिहावा. एक्सेलमध्ये १९९३ पासून व्हिज्युअल बेसिक आहे, विंडोजवर २००३ पासून ऑटोहॉटकी आहे; दोन्हींना समोरची विंडो कोणती हे विचारता येतं, ती येईपर्यंत थांबता येतं, आली नाही तर माघार घेता येते. हे खरं आहे, आणि दिवसाला हजार वेळा होणाऱ्या कामासाठी तोच मार्ग योग्य आहे. पण प्रोग्रॅम लिहायला लिहिता यावं लागतं आणि बसवायला परवानगी लागते. १९९५ मध्ये वर्डच्या कागदपत्रांतून पसरलेला ‘कन्सेप्ट’ आणि १९९९ मधला ‘मेलिसा’ या मॅक्रो व्हायरसांनंतर कचेऱ्यांनी अशा गोष्टींवर कडक बंधनं घातली, आणि ती अकारण नव्हती. कीपॅडला यांतलं काही लागत नाही. तो कोणत्याही संगणकाला जोडला की चालतो, कारण संगणक कीबोर्डवर कसलीही शंका न घेता विश्वास ठेवतो. हाच विश्वास २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ या प्रात्यक्षिकातून धोक्याचा म्हणून दाखवून दिला. कळ बोटाने दाबली की मेमरीतून आली, हे संगणकाला ओळखता येत नाही. म्हणून अनोळखी कीपॅड कामाच्या संगणकाला जोडू नये, आणि आपल्या कीपॅडमध्ये पासवर्ड रेकॉर्ड करू नये. पासवर्ड कोणी चोरील ही भीती तर आहेच. त्याहून रोजची भीती अशी की कर्सर दुसरीकडेच असताना ती कळ दाबली जाईल आणि पासवर्ड चाललेल्या गप्पांच्या चौकटीत उघडपणे टाइप होऊन पुढे पाठवलाही जाईल.

एवढं मान्य केलं की रेकॉर्ड करण्याची पद्धतच बदलते. काम आधी एकदा हाताने करायचं आणि आपली नजर कुठे कुठे थांबते ते टिपून ठेवायचं. मॅक्रो तिथे तोडायचा. सुरुवात आणि शेवट ओळखीच्या जागी ठेवायचे: ओळीत होम, कागदपत्रात कंट्रोल-होम. एक्सेलमध्ये वरच्या ओळी गोठवलेल्या असतील तर कंट्रोल-होम पहिल्या पेटीऐवजी गोठवलेल्या भागाखालच्या पेटीत नेतो, हेही आधी तपासलेलं बरं. बाण बारा वेळा दाबून यादीच्या तळाशी जाणं यादी वाढली की फसतं. कंट्रोलसह खालचा बाण तळ स्वतः शोधतो, फक्त मधे रिकामी पेटी असली तर तिच्या आधीच थांबतो. आजची तारीख अंकांत टाइप करून रेकॉर्ड केली तर ती उद्या शिळी होते, त्याऐवजी त्या-त्या प्रोग्रॅमची ‘आजची तारीख’ देणारी कळजोडी रेकॉर्ड करावी. ऑल्ट-टॅबपेक्षा टास्कबारवर कायम बसवलेल्या प्रोग्रॅमकडे विंडोज कळ आणि त्याचा क्रमांक दाबून जाणं जास्त खात्रीचं, कारण त्यात आधी काय उघडं होतं याचा संबंध येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, एंटर मॅक्रोच्या बाहेर ठेवायचा. रकाने भरून मॅक्रो थांबला की एकदा बघायचं आणि एंटर स्वतःच्या बोटाने दाबायचा. डिलीटलाही हेच लागू.

मॅक्रो रेकॉर्ड करायची कळही विचारपूर्वक बसवायला हवी. गेटवे २००० या अमेरिकन कंपनीच्या १९९० च्या दशकातल्या ‘एनीकी’ कीबोर्डवर कळांच्या जागा बदलायची आणि मॅक्रो रेकॉर्ड करायची बटणं नेहमीच्या कळांच्या शेजारीच होती. चुकून बोट पडलं की कीबोर्ड शिकायला लागे, शिकलेलं वीज गेल्यावरही लक्षात ठेवी, आणि मग एखादी कळ भलतंच काहीतरी टाइप करू लागली की वापरणाऱ्याला कीबोर्ड बिघडला असं वाटे. रेकॉर्डिंग चालू आहे हे डोळ्यांना ठळकपणे दिसलं पाहिजे. लॉजिटेकने २००५ मध्ये आणलेल्या जी१५ कीबोर्डवर १८ खास कळा होत्या आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळी, उजळणारी कळ दिली होती, ती याच गरजेपोटी. ज्या कीपॅडवर असा दिवा नसेल, तिथे रेकॉर्डची कळ दोन कळा एकत्र दाबल्यावरच चालेल अशी ठेवावी.

आखूड मॅक्रो किती समाधान देऊ शकतो याचं चांगलं उदाहरण मराठी टंकलेखनातच आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह ५ दाबलं की ‘ज्ञ’ येतो, ६ वर ‘त्र’, ७ वर ‘क्ष’, ८ वर ‘श्र’. यांतलं प्रत्येक जोडाक्षर संगणकाच्या लेखी तीन चिन्हांचं आहे: व्यंजन, हलन्त, व्यंजन. मांडणी करणाऱ्यांनी ती मालिका एका कळीवर ठेवली, आणि ती कधीही दगा देत नाही, कारण ‘क’, हलन्त आणि ‘ष’ यांच्या मधे बघून ठरवण्यासारखं काहीच नसतं. मराठीची निकड असलेला ‘ऱ्य’ मात्र त्या ओळीत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ असे शब्द दिवसभर लिहिणाऱ्याला दर वेळी शिफ्टसह ‘र’, मग हलन्त, मग ‘य’ अशा तीन जागी बोटं न्यावी लागतात. कीपॅडच्या एका कळीवर ही तीन पावलं रेकॉर्ड करून ठेवली, तर बचत दर वेळी अर्ध्या सेकंदाच्या आसपास, पण ती पानागणिक अनेकदा आणि चुकीच्या भीतीशिवाय. इनस्क्रिप्ट चालू असली पाहिजे, ही एकच अट.

शेवटची हरकत सर्वांत गंभीर आहे, कारण ती सोयीची नाही, गरजेची आहे. ज्यांचा एक हात चालत नाही, ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत, जे काठीने किंवा एकाच बोटाने टाइप करतात, त्यांच्यासाठी एका कळीची किंमत ०.२८ सेकंद नसते. त्यांना लांब मॅक्रो नाकारणारे आपण कोण? हिशेब पुन्हा मांडून बघू, एका दाबाला ३ सेकंद धरून. २४ कळांचं तेच काम हाताने ७७.४ सेकंदांचं, चार आखूड मॅक्रोंनी १७.४, एका लांब मॅक्रोने ४.३५. बचतीचा फार मोठा वाटा, ६० सेकंद, इथेही आखूड मॅक्रोच देतात. लांब मॅक्रो त्यात १३ सेकंदांची भर घालतो. पण मॅक्रो घसरला तर निस्तरण्याचं कामही त्याच जड बोटांनी करावं लागतं, आणि पाच मिनिटांची दुरुस्ती त्यांच्यासाठी पाऊण तासाची होऊ शकते. म्हणून अशा माणसासाठी कीपॅड जुळवताना सर्वांत मोठी, सर्वांत हाताशी असलेली कळ मॅक्रो चालवण्यासाठी ठेवू नये. ती पूर्ववत करण्याच्या कंट्रोल-झेडला द्यावी, तिच्या शेजारची एस्केपला, आणि मॅक्रोच्या कळा त्यानंतर, कामाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे, प्रत्येकी एकेका नजरेच्या अंतरावर.